वय वाढणारा इन्स्पेक्टर

नाताळच्या सुट्टीत स्कॉटलंडहून गावी आलेल्या एका तरुणाने अंथुर्ण्याच्या आमच्या लहानशा वाचनालयाला नऊ इंग्रजी कादंबऱ्या भेट दिल्या. वाचनालय म्हणजे व्हरांड्यातील दोन लोखंडी कपाटे. त्यांत संतांची चरित्रे आहेत, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत, 'निरोप्या'चे बांधीव अंक आहेत. त्यांच्या शेजारी एडिंबरा शहराच्या पोलीस खात्यातील जॉन रिबस नावाच्या अधिकाऱ्याच्या कथा येऊन बसल्या. दोन महिन्यांनी एका ज्येष्ठ श्रद्धावंत सभासदांची चिठ्ठी माझ्या हाती आली. चिठ्ठीतील मुद्दा सरळ होता. ज्या पुस्तकांचा नायक मद्यपी आहे, घटस्फोटित आहे, वरिष्ठांची आज्ञा मोडतो आणि देवाविषयी साशंक आहे, ती पुस्तके चर्चच्या कपाटात कशासाठी?

प्रश्न गैरवाजवी नव्हता. ख्रिस्तसभेची निषिद्ध ग्रंथांची यादी १९६६ साली रद्द झाली, म्हणून काय वाचावे याची जबाबदारी संपली असे नव्हे. ती यादीकडून विवेकबुद्धीकडे आली, इतकेच. पोप फ्रान्सिस यांनी तर २०२४ साली वाङ्मयाच्या महत्त्वावर एक स्वतंत्र पत्र लिहिले, आणि भावी धर्मगुरूंच्या प्रशिक्षणात कथा-कादंबरीला गौण स्थान देऊ नये, असे आग्रहाने सांगितले. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत कादंबरी उशीखाली ठेवून वाचावी लागे. तेव्हा चिठ्ठीला उत्तर देण्यापूर्वी पुस्तके स्वतः वाचणे आणि इंग्रजी वाचनाची सवय असलेल्या इतर सभासदांची मते ऐकणे मला आवश्यक वाटले. प्रस्तुत लेख हा त्या मतांचा परामर्श होय.

प्रथम मालिकेची ओळख. लेखक इयन रँकिन यांचा जन्म १९६० साली स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यातील कार्डनडेन या खाणकामगारांच्या गावी झाला. मालिकेतील पहिली कादंबरी 'नॉट्स अँड क्रॉसेस' १९८७ साली निघाली, पंचविसावी 'मिडनाइट अँड ब्लू' २०२४ साली. 'ब्लॅक अँड ब्लू' या आठव्या कादंबरीला १९९७ साली ब्रिटनमधील गुन्हेकथालेखकांच्या संघटनेचे सुवर्ण-खंजीर पारितोषिक मिळाले आणि लेखकाचे नाव सर्वतोमुखी झाले. स्कॉटलंडच्या मातीतील पोलिसी कादंबरीची वाट मात्र त्यापूर्वीच विल्यम मॅकिलव्हॅनी यांनी 'लेडलॉ' या १९७७ सालच्या कादंबरीत ग्लासगो शहराच्या रस्त्यांवरून पाडून ठेवली होती. रँकिन यांनी ती एडिंबऱ्यात आणली.

या मालिकेचे एक वैशिष्ट्य आरंभीच ध्यानात घ्यावे लागते. रिबसचे वय वाढते. पहिल्या कादंबरीत तो चाळिशीचा सार्जंट आहे, पुढे इन्स्पेक्टर होतो. २००७ सालच्या 'एक्झिट म्युझिक'मध्ये तो साठ वर्षांचा होऊन नियमाप्रमाणे निवृत्त होतो. २०१२ साली तो परततो, पण अधिकारी म्हणून नव्हे. जुन्या, न उलगडलेल्या प्रकरणांच्या विभागात बिगरपोलीस मदतनीस म्हणून. २०२० सालच्या कादंबरीच्या आरंभी त्याला जिने चढवत नाहीत, म्हणून तो त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर बिऱ्हाड हलवतो. २०२२ सालच्या 'अ हार्ट फुल ऑफ हेडस्टोन्स'चे पहिलेच दृश्य न्यायालयातले, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे तो स्वतः रिबस. आरोप कोणता, हे सांगून भावी वाचकाचा रसभंग करीत नाही. त्यापुढील कादंबरीत तो तुरुंगात आहे.

आमच्या वाचकांनी ही पुस्तके हाती घेतली ती रिकाम्या मनाने नव्हे. मराठी रहस्यकथेचा फार मोठा संस्कार त्यांच्यावर आहे. गोविंद नारायण दातारशास्त्री यांच्या अद्भुत कादंबऱ्या आमच्या आजोबांच्या पिढीने वाचल्या. त्यानंतर बाबूराव अर्नाळकर आले. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. १९९६ साली ते निवर्तले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा जमा होत्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावे उच्चारली की आजही साठीच्या पुढील गृहस्थांच्या डोळ्यांत चमक येते. पुढे गुरुनाथ नाईक यांनी कॅप्टन दीप आणि गोलंदाज घरोघरी नेले, सुहास शिरवळकर यांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास यांना उभे केले. वाचनालयात दिवसाच्या भाड्याने मिळणारी, एस.टी.च्या प्रवासात संपणारी ही पुस्तके समीक्षकांनी सहसा विचारात घेतली नाहीत. पण मराठी माणसाला वाचनाची गोडी लावण्याचे त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

या सर्व नायकांत एक गोष्ट समान आहे. त्यांचे वय वाढत नाही. झुंजार पहिल्या पुस्तकात जसा देखणा आणि चपळ, तसाच तो शेकडो पुस्तकांनंतरही असतो. एक प्रकरण संपते, खलनायक गजाआड जातो, आणि पुढच्या पुस्तकात पाटी पुन्हा कोरी असते. मागच्या पुस्तकातील रक्ताचा एक थेंबही पुढच्या पानावर दिसत नाही. याला मी दोष म्हणत नाही. लोककथेतील राजपुत्रही म्हातारा होत नसतो. परंतु आमच्या वाचकांची मते समजून घ्यायची तर ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली पाहिजे.

आता मते पाहू. पहिले मत चिठ्ठी पाठवणाऱ्या सभासदांचे, ते वर आलेच आहे. दुसरे मत निवृत्त इंग्रजी शिक्षकांचे. त्यांचा आक्षेप नैतिक नसून रचनेविषयी होता. ते म्हणाले, "शेरलॉक होम्स वाचताना शेवटच्या पानावर समाधान मिळते. येथे खुनी सापडतो, पण समाधान सापडत नाही. तपास लांबतो, अर्धे धागे तसेच लोंबकळत राहतात." तिसरे मत एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीचे. तिला रहस्यापेक्षा शहर आवडले. पर्यटकांना दाखवायचे एडिंबरा वेगळे आणि गरिबांच्या चाळींचे एडिंबरा वेगळे, ही गोष्ट तिला पुण्यात शिकत असताना नव्याने कळली, असे ती म्हणाली. चौथे मत एका धर्मभगिनींचे. त्यांच्या मते निवृत्तीपाशी, म्हणजे २००७ सालीच, मालिका थांबायला हवी होती. त्यापुढे लेखक वाचकांच्या प्रेमाला बळी पडला. पाचवे मत शिपाई म्हणून भरती होऊन फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे. त्यांनी शब्दकोश जवळ ठेवून तीन महिन्यांत दोन पुस्तके वाचली. त्यांच्या मताकडे मी शेवटी येतो.

शिक्षकांच्या आक्षेपापासून आरंभ करू, कारण तो समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत वजनदार आहे. होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे एडिंबऱ्याचेच. १८५९ साली तेथील एका कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला, स्टोनीहर्स्ट येथील येशूसंघीयांच्या शाळेत ते शिकले. पुढे त्यांनी श्रद्धा सोडली. १८९३ साली त्यांनी होम्सला धबधब्यात ढकलून संपवले तेव्हा वाचक खवळले, आणि काही वर्षांनी त्यांना होम्सला परत आणावे लागले. वाचकांचे म्हणणे एवढेच होते की, आमच्या नायकाला मरण नको. एका शतकानंतर त्याच शहरात त्याच मागणीने दुसरे रूप घेतले. रिबसची निवृत्ती जवळ आली, तेव्हा स्कॉटलंडच्या संसदेतील एका सदस्याने पोलीस अधिकाऱ्यांचे निवृत्तीचे वय वाढवता येईल काय, असा प्रश्न सभागृहात विचारला. तो थट्टेचा भाग असेल. पण या थट्टेत वाचकाची फार जुनी इच्छा दडलेली आहे. आमच्या नायकाला काळ लागू होऊ नये, ही ती इच्छा. रँकिन यांनी ती पूर्ण केली नाही. रिबस परतला तो साठीचा होऊन, अधिकार गमावून आणि दम लागत असलेल्या छातीने.

समाधान न मिळण्याचे कारण येथेच आहे. ज्या मालिकेत नायकाचे वय वाढत नाही, तेथे प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी पाप धुऊन निघते. ज्या मालिकेत वय वाढते, तेथे पाप साठत जाते. मागे केलेली तडजोड, गुन्हेगाराशी केलेला व्यवहार, एखाद्या सहकाऱ्याची झाकलेली चूक हे सारे दहा पुस्तकांनंतर दार ठोठावते. मॉरिस जेराल्ड कॅफर्टी हा एडिंबऱ्यातील गुंडांचा म्होरक्या आणि रिबस यांचे नाते पाहा. आरंभी एक पकडणारा आणि दुसरा पकडला जाणारा. वर्षे लोटतात तसतसे दोघे म्हातारे होत एकमेकांचे जणू आरसे बनतात. कोणी कोणाला भ्रष्ट केले, हे शेवटी सांगता येत नाही. असा परिणाम एका पुस्तकात साधत नाही. त्याला तीन तपांचा कालावधी लागतो. तेव्हा शिक्षकांना जो दोष वाटला, तोच मला या मालिकेचा आशय वाटतो. गुन्हा उलगडतो, पण तो भूतकाळात जमा होत नाही.

आपल्या धर्मपरंपरेच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. रहस्यकथेचा आणि आपला संबंध तसा जुना आहे. दानिएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय कॅथलिक बायबलात आहे, प्रोटेस्टंट बंधू त्याला मूळ ग्रंथाचा भाग मानत नाहीत. त्यात सुसान्नेवर दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी घेतलेला खोटा आळ तरुण दानिएल कसा खोटा पाडतो ते सांगितले आहे. तो दोघांना वेगवेगळे उभे करतो आणि एकच प्रश्न विचारतो, प्रसंग कोणत्या झाडाखाली घडला? दोघे दोन झाडांची नावे घेतात. आजही कोणत्याही ठाण्यात साक्षीदारांची तपासणी याच रीतीने होते. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने १९२८ साली रहस्यकथांचा संग्रह संपादित केला, तेव्हा ही कथा आरंभीच्या नमुन्यांत घेतली होती.

विसाव्या शतकात जी. के. चेस्टरटन यांनी फादर ब्राउन हा धर्मगुरू-शोधक निर्माण केला. पहिला कथासंग्रह १९११ सालचा, आणि चेस्टरटन स्वतः कॅथलिक झाले ते १९२२ साली. फादर ब्राउनची पद्धत बोटांच्या ठशांची नव्हे. तो मनाने गुन्हेगाराच्या जागी जाऊन उभा राहतो, हा खून मीही करू शकलो असतो असे स्वतःशी कबूल करतो, आणि मग त्याला वाट दिसते. पापनिवेदनाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ही पद्धत नवी वाटणार नाही. त्याचा पहिला प्रतिस्पर्धी फ्लाँबो हा अट्टल चोर पुढे पश्चात्ताप करून त्याचा मित्र होतो. फादर ब्राउनच्या जगात गुन्ह्याच्या पलीकडे एक दार उघडे असते.

तिसरे नाव रोनाल्ड नॉक्स यांचे. हे इंग्रज धर्मगुरू पुढे बायबलच्या भाषांतरासाठी ख्याती पावले; पण १९२९ साली त्यांनी रहस्यकथेसाठी दहा आज्ञा लिहिल्या होत्या. त्यांतील एक आज्ञा अशी की, तपास करणाऱ्याने स्वतःच गुन्हा केलेला नसावा. नियम खेळाचा आहे आणि वाचकाची फसवणूक होऊ नये म्हणून केलेला आहे. पण त्यामागे एक नैतिक रेघही आहे. एका बाजूला शोधणारा, दुसऱ्या बाजूला शोधला जाणारा. रँकिन यांनी २०२२ साली आपल्या नायकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तेव्हा ती रेघच त्यांनी पुसली. कथेच्या नियमाच्या दृष्टीने हा अपराध असेल. सत्याच्या दृष्टीने मात्र तो अपराध वाटत नाही. दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने एका गरिबाच्या कोकरीची कथा सांगितली, राजाने संतापून त्या कथेतील धनिकाला दोषी ठरवले, आणि तो धनिक तूच आहेस हे नाथानने त्याच्या तोंडावर सांगितले. न्याय करणारा आणि अपराधी एकच निघाला. नॉक्स यांची आज्ञा बायबलात त्यांच्या आधी कित्येक शतके मोडली गेली होती.

येथे स्कॉटलंडच्या वाङ्मयीन वारशाचाही विचार केला पाहिजे. जेम्स हॉग यांची १८२४ सालची कादंबरी अशा एका तरुणाची आहे, ज्याला आपण देवाने निवडलेले आहोत, तेव्हा आपल्याकडून काहीही घडले तरी आपला उद्धार निश्चित आहे, असे पटवून दिले जाते. आणि तो खुनापर्यंत जातो. एडिंबऱ्यात जन्मलेल्या स्टीव्हन्सन यांची डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड यांची कथा १८८६ सालची. दिवसा प्रतिष्ठित कारागीर आणि रात्री घरफोड्या असलेल्या डीकन ब्रॉडी या १७८८ साली फाशी गेलेल्या माणसाची आठवण त्या शहराने जपून ठेवली आहे. रँकिन यांनी आपली पहिली कादंबरी जेकिल-हाइडच्या कथेला आधुनिक रूप देण्याच्या इराद्याने लिहिली होती, असे स्वतः सांगितले आहे. 'ब्लॅक अँड ब्लू'मागे ग्लासगोतील खरी प्रकरणे आहेत. १९६८-६९ साली तेथे तीन स्त्रियांचे खून झाले. संशयित बोलताना बायबलचे दाखले देई, म्हणून वृत्तपत्रांनी त्याला 'बायबल जॉन' म्हटले. तो कधी सापडला नाही. ज्याच्या ओठांवर शास्त्र आहे त्याचे हात कसे असतील, हा हॉग यांनी विचारलेला प्रश्न दीडशे वर्षांनी पुन्हा समोर आला. आपल्याकडेही तो विचारला गेला पाहिजे, आणि तो केवळ इतर पंथीयांपुरता नव्हे.

रिबस स्वतः प्रॉटेस्टंट वातावरणात वाढलेला आहे. आरंभीच्या कादंबऱ्यांत तो आपल्याला मानवेल असे एखादे चर्च शोधत हिंडतो. फादर कॉनर लिअरी या कॅथलिक धर्मगुरूंशी त्याची मैत्री आहे; दोघे बसून पेय घेतात आणि वाद घालतात. 'मॉर्टल कॉझेस' या १९९४ सालच्या कादंबरीत स्कॉटलंडमधील कॅथलिक-प्रॉटेस्टंट वैराची पाळेमुळे उत्तर आयर्लंडपर्यंत कशी गेलेली आहेत, हे दिसते. पण फादर लिअरींशी तो गप्पा मारतो, पापनिवेदन करीत नाही. याच ठिकाणी माझे मालिकेशी मतभेद सुरू होतात. रँकिन यांच्या जगात आठवण आहे, अपराधाची जाणीव आहे, शिक्षा आहे, क्षमा नाही. कोणी कोणाला मोकळे करीत नाही. पंचवीस पुस्तकांत इतके ओझे साठते, आणि ते उतरवण्याची एकही जागा लेखकाला सापडत नाही, हे मला वाङ्मयीनदृष्ट्याही उणे वाटते. क्षमेचा प्रसंग लिहिणे हे खुनाचा प्रसंग लिहिण्यापेक्षा कठीण आहे, हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते. प्रत्येक शेवट अंधारात करणे हीसुद्धा काही काळाने लकब होते.

धर्मभगिनींच्या आक्षेपातही तथ्य आहे. २०१२ नंतरच्या काही पुस्तकांत निवृत्त माणसाला तपासात ओढून आणण्यासाठी लेखकाला फार खटपट करावी लागते. शिव्हॉन क्लार्क ही त्याची तरुण सहकारी स्वतंत्र मालिकेची नायिका होण्याच्या योग्यतेची आहे. पण रिबसच्या सावलीतून तिला पूर्णपणे बाहेर येऊ दिलेले नाही. तथापि मालिका २००७ साली थांबली असती, तर आरोपीच्या पिंजऱ्यातील रिबस आपल्याला भेटला नसता. निवृत्तीचा समारंभ हा नोकरीचा शेवट असतो, हिशेबाचा नव्हे. एवढ्या एका कारणासाठी पुढील पुस्तकांचे अस्तित्व मला योग्य वाटते.

आता मराठीकडे वळू. मुंबईच्या गुन्हे अन्वेषण विभागातील गणेश घोटे या इन्स्पेक्टरवर पोलिसी कादंबऱ्यांची मालिका लिहिली ती एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने. पहिली कादंबरी १९६४ सालची, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी लेखकाने भारत प्रथम पाहिला. घोटे सज्जन आहे, दबलेला आहे, चुकतमाकत सत्यापर्यंत पोहोचतो. तो गोड आहे. पण त्याच्या अंगाला मुंबईचा घाम नाही. आपल्याकडील पोलिसाचे वय वाढताना दाखवणारी मालिका मराठीत का रुजली नाही, असा प्रश्न मी फौजदारांना विचारला. त्यांचे उत्तर कोणत्याही समीक्षकाने ऐकून ठेवावे असे होते.

ते म्हणाले, "फादर, तुमचा तो साहेब एकाच गावात तीस वर्षं. आमच्याकडं साहेब येतो, दोन-तीन वर्षांत बदलून जातो. त्याला गाव कळेपर्यंत ऑर्डर निघते. गाव ठाऊक असतं ते हवालदाराला. कुणाच्या विहिरीवरून कुणाचं वाकडं आलं, कालव्याच्या पाळीवरून कोण कुणावर धावून गेलं, ऊसतोडीच्या टोळीतली कोणती पोर कधी दिसेनाशी झाली, हे हवालदाराच्या डोक्यात असतं. कागदावर नसतं." मला वाटते, मराठी रिबस इन्स्पेक्टर असणार नाही; तो हवालदार असेल. नीरा डाव्या कालव्याच्या काठाने सायकलवर, पुढे मोटारसायकलवर फिरलेला, साखर कारखान्याचे हंगाम मोजत म्हातारा झालेला. अशा माणसाची मालिका लिहिण्यास आपल्यापैकी कोणी पुढे येईल काय? बदली होणाऱ्या धर्मगुरूला तो प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही, असे कोणी म्हणेल, तेही खरेच. आम्हीही काही वर्षांनी बदलून जातो. गावाची पापे आणि पुण्ये ठाऊक असतात ती घंटा वाजवणाऱ्याला.

फौजदारांचे मालिकेविषयीचे मत मी मागे ठेवले होते, ते आता सांगतो. मद्यपानाचा भाग त्यांना आवडला नाही. मद्याने किती सहकारी गेले, ते त्यांनी पाहिले आहे. तपासाचे तपशील त्यांना परके वाटले. पण रिबस जुन्या, न सुटलेल्या प्रकरणांची कागदपत्रे घरी नेऊन वाचत बसतो, तेथे ते थांबले. ते म्हणाले, "फाइल रेकॉर्ड रूमला जाते. नावं घरी येतात." एका हरवलेल्या मुलीची आई दरवर्षी दिवाळी झाली की ठाण्यावर येऊन विचारी. त्यांची बदली झाली, ती नव्या ठाण्यावर आली. ते निवृत्त झाले, तेव्हा ती त्यांच्या घरी आली. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते. त्यांच्या पत्नीने तिला चहा दिला. ती चहा पिऊन गेली. ते सांगत होते आणि पुस्तकाची कड अंगठ्याने घासत होते. मग म्हणाले, "ह्या पुस्तकातला माणूस विसरत नाही. वाईट आहे, पण विसरत नाही. मला ते बरं वाटलं."

या मतानंतर मला वाङ्मयीन मूल्यमापनाचे फारसे काही उरले नाही. रहस्यकथेचा वाचक सहसा खुनी कोण हे विचारतो. या वाचकाने विचारले, मेलेल्याची, हरवलेल्याची आठवण कोणी ठेवली? प्रार्थनेत आम्ही मृतांची नावे घेतो ती यासाठीच. ज्यांना न्याय मिळाला नाही त्यांची नावे निदान कोणाच्या तरी ओठांवर राहावीत, ही इच्छा धार्मिक आहे. रिबसला प्रार्थना जमत नाही; पण नावे विसरण्यास तो नकार देतो. त्याच्या साशंकपणात एवढी श्रद्धा मला दिसली. आणि क्षमा नसलेल्या जगात नुसती आठवण माणसाला कशी पोखरते, हेही दिसले. दोन्ही गोष्टी ख्रिस्ती वाचकाने पाहण्यासारख्या आहेत.

ज्येष्ठ सभासदांना मी लेखी उत्तर दिले. पुस्तके कपाटात राहतील, असे त्यांना कळवले. नायक अनुकरणीय नाही हे आपले म्हणणे मान्य आहे. पण कपाटातील सर्वच माणसे अनुकरणीय असावीत असा नियम केला, तर दावीद राजालाही कपाटाबाहेर काढावे लागेल, एवढे नम्रपणे लिहिले. अल्पवयीन वाचकांना ही पुस्तके विचारल्याशिवाय देऊ नयेत, ही त्यांची सूचना मी स्वीकारली आणि तशी नोंद वहीत केली. सोबत फादर ब्राउनच्या कथांचा संग्रहही त्याच फळीवर ठेवला आहे. एका पुस्तकात ओझे आहे, दुसऱ्यात ते उतरवण्याची जागा आहे. वाचकाने दोन्ही शेजारी शेजारी पाहावीत, हा हेतू.

त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. फौजदार मात्र परवा येऊन तिसरे पुस्तक घेऊन गेले. वहीत सही करताना त्यांनी विचारले, "फादर, शेवटी त्याला कोणी माफ करतं का?" पुढचे मी सांगितले नाही. रहस्यकथेच्या वाचकाला शेवट सांगू नये, हा संकेत तेवढ्यापुरता माझ्या उपयोगी पडला.